पीएम किसानचा हप्ता अडलाय? नवीन अर्ज भरण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील आणि काका यांची सामाईक पाच एकर होती, २०२२ मध्ये तहसीलमधून वाटणी झाली, आता दोघांच्या नावावर अडीच-अडीच एकर आहे. वडिलांचे पीएम किसानचे हप्ते दीड वर्षापासून येत नाहीत, राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचेही नाहीत. काकांचे मात्र नियमित येतात. तलाठी म्हणतात कृषी कार्यालयात जा, कृषीवाले म्हणतात बँकेत जा, बँकेने "आधार लिंक आहे" असा शिक्का मारून दिलाय. तुम्ही पुण्यात नोकरीला, वडील गावाकडे. गावातला एक जण १५०० रुपयांत चालू करून देतो म्हणतो. तर त्याला पैसे द्यावेत का, की सरळ नवीन नोंदणी करावी?

दोन्ही करू नका. आता का ते सविस्तर सांगतो. मी तालुक्याच्या गावी बारा वर्षं सेवा केंद्र चालवतो. २०१९ मध्ये ही योजना आली तेव्हाचे पहिले अर्ज आमच्याच टेबलावरून गेले आणि आज जेवढी माणसं दारात येतात त्यातली निम्मी "हप्ता का नाही आला" हेच विचारायला येतात.

तुम्ही विचारलंय की हप्ता कसा चालू करायचा. खरं तर आधी विचारायला हवं की हप्ता नेमका कुठे अडलाय. दिल्लीहून निघालेले दोन हजार रुपये वडिलांच्या पासबुकात उतरायच्या आधी चार-पाच वेगवेगळ्या नोंदवह्यांतून जातात. आधारची नोंद, जमिनीची नोंद, योजनेची यादी, पैसे वाटणाऱ्या यंत्रणेची नोंद आणि शेवटी बँक. या प्रत्येक ठिकाणी तुमचे वडील म्हणजे एकच माणूस आहे हे जुळावं लागतं. एका ठिकाणी बिनसलं की हप्ता थांबतो, आणि बाकीची सगळी ठिकाणं "आमच्याकडे बरोबर आहे" असं म्हणतात. त्यांचं खोटंही नसतं. म्हणून तलाठी, कृषी आणि बँक अशा चकरा होतात. त्यात भर म्हणजे आपल्याकडे ही योजना सुरुवातीला महसूल खातं पाहत होतं, नंतर ती कृषी खात्याकडे आली. जमिनीचा कागद अजून एका ऑफिसात आणि योजनेचं लॉगिन दुसऱ्या ऑफिसात, ही ओढाताण तिथली आहे.

तेव्हा पहिलं काम पायपिटीचं नाही, मोबाईलवरचं आहे. पीएम किसानच्या संकेतस्थळावर "नो युअर स्टेटस" उघडा. नोंदणी क्रमांक लागेल. तो हरवला असेल तर तिथेच वडिलांच्या मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून काढता येतो. ओटीपी वडिलांच्या फोनवर जाईल, त्यामुळे त्यांना फोन हातात घेऊन बसायला सांगा. पान उघडलं की पात्रतेखाली तीन ओळी दिसतात: लँड सीडिंग, म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडलेली असणं, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि आधार-बँक सीडिंग, म्हणजे आधारला बँक जोडलेली असणं. प्रत्येकीपुढे यस किंवा नो. खाली हप्त्यांचा तपशील असतो, आणि अपात्र ठरवलं असेल तर त्याचं कारणही. या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे ज्या ऑफिसात जाल तिथे तोंडाने हकीकत सांगण्यापेक्षा हा कागद पुढे ठेवलेला बरा.

ई-केवायसीवर मी जास्त लिहीत नाही, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर घरी होतं. नसेल तर केंद्रावर अंगठा देऊन होतं. आणि अंगठा उठत नसेल तर पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून होतं. गेल्या हंगामात एक आजी आल्या होत्या. कापूस वेचून बोटांच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. पदराला बोट पुसून पुसून त्यांनी दहा वेळा मशीनवर ठेवलं, दहाही वेळा नापास. शेवटी दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं, ॲपवर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि दोन मिनिटांत झालं. त्याआधी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अंगठा उठत नाही म्हणजे तुमचं नाव कायमचं कटलं. असं काही नसतं.

आता तुमच्या प्रकरणात माझा पहिला संशय बँकेवर आहे, दुसरा वाटणीवर.

बँकेचं आधी. तुम्ही लिहिलंय की बँकेने आधार लिंक असल्याचा शिक्का दिला. तो शिक्का खरा असेल, पण त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आधार "लिंक" असण्याचे दोन अर्थ आहेत आणि लोक, कधीकधी काउंटरवरची माणसंसुद्धा, ते एकच धरतात. एक म्हणजे बँकेच्या स्वतःच्या संगणकात तुमच्या खात्यासमोर आधार क्रमांक नोंदलेला आहे. दुसरा म्हणजे एनपीसीआयच्या (बँकाबँकांतले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचा पैसा कुठल्या बँकेत जायचा त्या यादीत, तुमच्या आधारपुढे त्या बँकेचं नाव लागलेलं आहे. सरकारी पैसा दुसऱ्यावर चालतो. एका आधारपुढे मॅपरमध्ये एकाच बँकेचं नाव राहतं, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेने नोंद केली तिचंच राहतं. अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला होता याला आता अर्थ उरलेला नाही. पैसा आधार क्रमांकाच्या मागे जातो आणि मॅपर दाखवेल त्या बँकेत उतरतो.

म्हणून असं होतं की वडिलांनी कधीतरी गावात आलेल्या माणसाकडे शून्य शिलकीचं खातं उघडलं, किंवा नवीन सिम घेताना अंगठा दिला आणि त्यासोबत एक खातं उघडलं गेलं, त्यांना त्याचा पत्ताही नाही. मॅपर तिकडे वळला. माझ्याकडे एक काका आले होते, दोन वर्षं जिल्हा बँकेचं पासबुक छापून आणायचे आणि कोऱ्या ओळी दाखवायचे. स्थिती पाहिली तर सगळे हप्ते "गेले" असं लिहिलेलं. मॅपर पाहिला तर तिथे भलतीच बँक. त्या बँकेत जाऊन चौकशी केली तेव्हा खात्यात बारा हजार रुपये जमा होऊन पडलेले निघाले. काका तिथेच बाकावर बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. त्या दोन वर्षांत त्यांनी खतासाठी दोनदा दुकानदाराकडे उधारी केली होती. दोन हजार रुपये म्हणजे डीएपीची एक गोणी आणि युरियाच्या दोन. पेरणीच्या तोंडावर ते हाताशी असणं आणि नसणं यात फार अंतर आहे, आणि म्हणूनच मला या कामाची इतकी तळमळ वाटते.

हे तपासायला बँकेत जावं लागत नाही. माय आधारच्या संकेतस्थळावर वडिलांच्या आधारने लॉगिन करा आणि "बँक सीडिंग स्टेटस" पाहा. तिथे बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. ती तारीख बारकाईने पाहा. हप्ते बंद झाले त्या सुमाराची असेल तर बहुतेक सगळं तिथेच उलगडेल. इथून तीन वाटा फुटतात. नाव दुसऱ्याच बँकेचं असेल तर आधी त्या बँकेत जाऊन खात्यात काय जमा आहे ते विचारा, मग ठरवा. ते खातं वापरायला सोयीचं असेल तर तसंच राहू द्या, उगाच बदलू नका. गावाजवळच्याच शाखेत पैसे हवे असतील तर त्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात घेण्यासाठी (डीबीटीसाठी) संमतीचा अर्ज द्या. अर्ज देताना "एनपीसीआय मॅपिंग करून द्या" हे शब्द वापरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं की ते आपल्या संगणकात बघतात आणि "आहेच की" म्हणून परत पाठवतात. तिसरी वाट म्हणजे नोंद "इनॲक्टिव्ह" दिसणं. तेव्हाही हाच अर्ज, आणि खात्याची केवायसी बाकी असेल तर तीही त्याच दिवशी उरकून घ्या. पोस्टातल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतही असं खातं उघडून मिळतं. बँक लांब असलेल्या गावांत मी म्हाताऱ्या माणसांना तेच सुचवतो, पोस्टमन ओळखीचा असतो.

आता वाटणीचं. इथे तुमचं प्रकरण जरा नाजूक आहे, म्हणून सावकाश वाचा.

या योजनेत जमिनीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेती होती तो पात्र. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा असं कशाने जमीन नावावर आली तर लाभ नाही. अपवाद फक्त मूळ मालक वारल्यामुळे वारसाने आलेल्या जमिनीचा. आता तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्याकडे परक्या माणसाच्या नजरेने पाहा. वाटणीनंतर गटाचा पोटहिस्सा पडला, नवा सातबारा तयार झाला, त्यावर फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, २०२२ चा. यंत्रणेला एवढंच दिसतं की या माणसाच्या नावावर या गटात २०२२ मध्ये जमीन आली. जुन्या गटात त्याचं नाव तीस वर्षांपासून होतं हे त्या नव्या पानावर दिसत नाही. अशी प्रकरणं संशयित म्हणून बाजूला काढून, प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत हप्ता थांबवण्याचं काम झालेलं आहे. नवरा-बायको दोघांच्या नावाने लाभ जात असेल तर तीही प्रकरणं तशीच थांबवली आहेत, कारण योजनेत नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एकच कुटुंब धरतात. आईच्या नावावर काही गुंठे असतील आणि त्यांचीही नोंदणी केलेली असेल तर तेही एकदा पाहून घ्या.

काकांचं चालू आहे म्हणून वाटणीचा दोष नाही, असं मात्र धरू नका. पडताळणी माणसागणिक होते, गटागणिक नाही. तरीही एकाच फेरफारातून निघालेल्या दोघांपैकी एकाचं चालू आहे म्हणूनच मी बँक आधी पाहायला सांगितली.

लँड सीडिंगपुढे नो असेल, किंवा अपात्रतेच्या कारणात जमिनीचा उल्लेख असेल, तर कागद असे गोळा करा. आताचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, दोन्ही डिजिटल सहीचे. सातबारा महाभूमीवरून १५ रुपयांत निघतो, त्यासाठी वडिलांना उन्हात पाठवू नका. वाटणीचा तहसीलदारांचा आदेश, म्हणजे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चा, आणि त्याचा फेरफार. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे वाटणीआधीचा जुना सातबारा, किंवा ज्या फेरफाराने आजोबांच्या मागे वडिलांचं नाव लागलं तो फेरफार. लोक नेमका हाच आणत नाहीत. नवा सातबारा घेऊन जातात आणि पुन्हा "२०२२" वाचून परत पाठवले जातात. २०१९ च्या आधीपासून वडील खातेदार होते हे सिद्ध करणारा तो एकच कागद आहे. सोबत आधारची झेरॉक्स आणि त्या स्थितीच्या पानाची प्रत. हे सगळं तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचं, एका साध्या अर्जासोबत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सोबत शेतकरी ओळख क्रमांकही पाहा. वडिलांचा फार्मर आयडी काढलाय का, आणि काढला असेल तर त्याला नवा पोटहिस्सा जोडलेला आहे की जुनाच गट? शिबिरात घाईघाईने काढलेल्या कित्येक आयडींना एखादा गट जोडायचा राहिलेला मी पाहिलाय. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा आहे, त्यामुळे आज ना उद्या त्याची गरज पडणारच.

नवीन नोंदणीला मी नको का म्हणतो, तेही सांगतो. वडिलांचं आधार यादीत आधीच आहे. त्याच आधारवर दुसरा अर्ज केला तर बहुतेक वेळा तो तिथेच अडतो. आणि कुणी काहीतरी खटपट करून भरलाच, तर त्या अर्जात जमिनीची तारीख २०२२ ची जाते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने वडिलांना १ फेब्रुवारी २०१९ नंतरचे खातेदार ठरवता. जुनी नोंद हा तुमचा पुरावा आहे. ती दुरुस्त करायची, टाकून द्यायची नाही.

आणि ते १५०० रुपये. तो माणूस जे करणार आहे ते मी वर लिहिलंय, त्याहून जास्त त्याच्या हातात काही नाही. मंजुरी कृषी कार्यालयाच्या लॉगिनवरून होते, मॅपिंग बँकेत होतं. माझी काळजी पैशांपेक्षा वेगळी आहे. असा माणूस वडिलांचा अंगठा घेतो, ओटीपी विचारतो. त्याच अंगठ्यावर खात्यातले पैसे काढता येतात. कामासाठी अंगठा द्यायचाच तर ज्याचं दुकान आहे, जो पावती देतो, अशा केंद्रावर द्यावा, आणि स्क्रीनवर काय चाललंय ते विचारून द्यावा. विचारलेलं मला तरी कधी वाईट वाटलेलं नाही.

तुम्ही मध्येच एक शंका लिहिली होती की "मी आयकर भरतो म्हणून तर बंद झालं नसेल?" नाही. सज्ञान मुलगा वडिलांच्या कुटुंबात धरत नाहीत, तुमच्या नोकरीचा त्यांच्या हप्त्याशी संबंध नाही. वडिलांनी किंवा आईने स्वतः मागच्या वर्षी आयकर भरला असेल, किंवा त्यांच्यापैकी कुणाला महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन असेल, तर मात्र ते अपात्र ठरतात. शिपाई, मदतनीस अशा चतुर्थ श्रेणीतल्यांना निवृत्तिवेतनाच्या या अटीतून सूट आहे. आणि खरोखर अपात्र असतील तर खटपट करू नका. तसे हप्ते घेतलेल्यांना तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा आल्या होत्या आणि लोकांनी ते पैसे परत भरले आहेत.

नमो शेतकरीसाठी वेगळं काही करायचं नाही. राज्याचा तो हप्ता २०२३ पासून सुरू झाला, वर्षाला आणखी सहा हजार, आणि तो पीएम किसानच्या यादीवरच चालतो. एक सुरू झालं की दुसरं येतं. म्हणजे तुमच्या घरात वर्षाला सहा नाही, बारा हजार अडकलेत.

मागचे हप्ते मिळतील का? कारण अपात्रतेचं नसेल, फक्त कागदाचं किंवा बँकेचं असेल, तर दुरुस्तीनंतर थकलेले हप्ते मिळण्याची तरतूद योजनेच्या नियमांत आहे. माझ्याकडच्या लोकांना ते कधी एकदम आले, कधी पुढच्या हप्त्याबरोबर. पण किती दिवसांत ते तुमच्या तालुक्यात पडताळणीची कामं किती साचलीत यावर आहे. स्थितीच्या पानावर "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" दिसलं की राज्याने तुमचं नाव पैशांसाठी पुढे पाठवलं असं समजा, आणि "एफटीओ जनरेटेड" दिसलं की पैसे सुटायच्या बेतात आहेत. तिथून पुढे कुणाला भेटायची गरज नाही, थांबायचं. त्याआधीच्या टप्प्यावर महिनाभर काही हललं नाही तर आवक क्रमांक घेऊन पुन्हा जा, किंवा १५५२६१ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. बँकेचं मॅपिंग नीट केलंत तर त्याचा उपयोग या एका योजनेपुरता नाही. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून मिळणारं ठिबकचं अनुदान, जे आपल्याकडे अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, तेही आधारच्याच वाटेने येतं. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागते, यादीतला आपला विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) घेऊन लोक केवायसी करून जातात, आणि मग तिथेही पैसा जुन्या विसरलेल्या खात्यात उतरतो. फक्त ठिबक घ्यायचा विचार असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय नळ्या विकत घेऊ नका. आधी घेतलेल्या संचाला अनुदान बसत नाही, आणि हे कळेपर्यंत माणसाने व्याजाने पैसे काढलेले असतात.

तर तुम्ही आज रात्री वडिलांना फोन करून दोनच गोष्टी बघा: योजनेच्या स्थितीतले ते तीन यस-नो, आणि माय आधारवरचं बँकेचं नाव व तारीख. तिन्ही यस असतील आणि हप्तेही गेलेले दिसत असतील तर प्रकरण बँकेचं आहे, वडिलांना कुठल्याच सरकारी ऑफिसात जायची गरज नाही. लँड सीडिंग नो असेल तर जुना फेरफार शोधायला लागा. घरात ट्रंकेत नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते, ती काढायला मात्र तुम्हाला एक दिवस रजा टाकून यावं लागेल. जे दिसेल ते मला लिहून कळवा, आधार आणि खाते क्रमांक न लिहिता, म्हणजे पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.